नथ, फुंकणी आणि पाटलांची बोटं

संपादकमहाशयांनी अट घातली आहे : ‘डॉक्टर, अनुभव लिहा, पण खरे तेवढेच लिहा.’ ही अट पाळायची तर लेख इथेच संपला. उरलेल्या पानांवर त्यांनी केशतेलाची जाहिरात छापावी. पण मी पडलो वऱ्हाडी माणूस. आमच्याकडे पिठलंसुद्धा कोरडं वाढत नाहीत, वरून कच्च्या तेलाची धार सोडतात. तेव्हा धार माझी आणि खालचं पिठलं खरं, एवढं धरून वाचावं.

माझा दवाखाना मालेगावी. नाशकाकडचं मालेगाव वेगळं, हे आपलं वाशीमजवळचं. नागपूरच्या मेडिकल स्कुलातून शिकून आलो तेव्हा वडील म्हणाले, “शिकला तं शिकला, आता कोनाले मारू नको.” एवढा एकच उपदेश मी जन्मभर जमेल तसा पाळला. दवाखान्यात दोन खोल्या, एक टेबल आणि रहीमभाई. रहीमभाई माझा कंपाउंडर होता, बैलांची दमणी हाकणारा होता आणि माझ्यावर टीका करण्याचं खातंही त्याच्याकडेच होतं. त्या वेळचे रस्ते असे, की पोटदुखीचा रोगी दमणीत घातला तर दवाखाना येईस्तोवर त्याचं पोट छातीत आणि दुखणं गुडघ्यात गेलेलं असे. एकदा तर एका म्हाताऱ्याचा निखळलेला खांदा वाटेतल्या खड्ड्यानंच बसवला. फी मात्र मी घेतली.

असो. सांगायचं आहे ते नारायण सोनाराचं.

बाजाराच्या दिवशी सकाळी किन्हीराजाहून एक बैलगाडी दारात थांबली. आधी बाई उतरली, मग तिनं नवऱ्याला हात देऊन उतरवलं. चाळिशीचा, अंगानं काडी, डोळे खाली. दोन्ही हात त्यानं धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेतले होते, जसं काही चोरीचं काही आत आहे.

“काय झालं जी?” मी विचारलं.

त्यानं बायकोकडे पाहिलं. बाई बोलली. गंगाबाई तिचं नाव. “डाक्टरसाहेब, यायचे हात देवीनं धरले म्हनते गाव. तुमी पाहून सांगा, देवीनं धरले का रोगानं धरले.”

हात सोग्यातून काढायला लावले. पाहतो तर दोन्ही हात ठणठणीत. बोटं वळत होती, मूठ घट्ट आवळत होती. माझ्या मागून रहीमभाई म्हणाला, “साहब, हा तर माझ्यापेक्षा चांगला हात हाय. यायले कायले आनलं, मलेच तपासा.”

मग गंगाबाईनं सगळं सांगितलं. गावदेवीची सोन्याची नथ सांध्यात तुटली होती. ती नथ गावच्या दौलत पाटलांच्या आईनं मरायच्या आधी देवीला वाहिलेली. पाटील ती स्वतः घेऊन नारायणच्या दुकानात आले आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे समोर ठाण मांडून बसले. ‘सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण वऱ्हाडात लेकरं बाराखडीआधी शिकतात. गिऱ्हाइकानं सोनं दिलं, की काम होईस्तोवर सोनारासमोर बसायचं आणि त्याच्या बोटांवरून नजर हलवायची नाही. पाणी पण तिथंच मागवून प्यायचं. त्यात पाटील पडले जुने पैलवान. त्यांची नजर अशी, की शेतात नुसतं पाहिलं तर तण आपोआप मुळासकट बाहेर येऊन नमस्कार करी. (इथं धार जरा जास्त झाली.)

नारायणनं शेगडीत कोळसा घातला, डाग धरावा म्हणून सांध्याला टाकणखार लावला आणि तोंडात फुंकणी धरून फुंकायला लागला. सोनाराचं सगळं कसब त्या फुंकेत. ज्वाला केसाएवढी बारीक हवी, आणि सलग हवी. पण समोर ती नजर, हातात देवीची नथ. नारायण घाबरून भराभरा फुंकत गेला. आधी ओठांना मुंग्या आल्या, मग डोकं हलकं झालं, आणि एकाएकी दोन्ही हातांची बोटं ताठ होऊन टोकाशी जुळली, अंगठा आत वळला. नथ राखेत पडली.

“नथ वजनात भरली ना?” मी विचारलं.

आता नारायण पहिल्यांदा बोलला. “भरली ना जी. गुंजभर इकडची तिकडे नाई. पन पाटील म्हनते, वजन भरलं तं काय झालं? तुह्या मनात पाप आलं असन, थेच देवीनं हेरलं.”

या युक्तिवादाला नागपूरचा बॅरिस्टरही हरला असता. मनातलं पाप कुठल्या काट्यावर घालणार?

मग गावानं ठरवलं, नारायणनं देवीपुढे बेलभंडार उचलून शपथ घ्यावी. देवीच्या पायावरचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलून बोललेलं खोटं ठरत नाही, अशी श्रद्धा. सगळं गाव देवळात जमलं. नारायण पुढे गेला. भीतीनं त्याची छाती भात्यासारखी हलत होती. हात पुढे केला, आणि बोटं पुन्हा जुळली, ताठ झाली. बेलाचं पान उचलताच येईना. ते खाली पडलं आणि सगळ्या गावानं पाहिलं.

“आता यात्रेच्या दिवशी अखेरची शपथ हाय,” गंगाबाई म्हणाली. “पुन्हा पान पडलं तं गाव सोडा, म्हनते. आमी कोठे जाऊ जी? सोनाराले एका गावानं चोर म्हटलं, की दुसऱ्या गावात कोन सोनं देईन?”

नारायणनं हात पुन्हा सोग्यात घातले.

मला आता थोडं कोडं सुटायला लागलं होतं. पण कोडं सुटलं म्हणून डॉक्टरनं लगेच टाळी वाजवू नये, हे मला एका बाईनं शिकवलं होतं. तिची गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही.

रिसोडची एक बाई होती, ऐन उमेदीची. तिचा श्वास असाच जोरजोरात चालला होता, दाराबाहेर ऐकू यावा इतका. घरची माणसं म्हणत, “डाक्टर, हिचा दम कमी करा.” मी वाकलो तर श्वासाला जास्त पिकून फुटलेल्या सिताफळासारखा वास. तिला मधुमेह होता. देहाला साखर जाळता येईना, म्हणून तो चरबी जाळत सुटलेला, आणि त्या आगीतून आम्ल निघून रक्तात साचलेलं. ती धापा टाकत होती कारण श्वासावाटे थोडंतरी आम्ल बाहेर फेकता येतं. तो दम तिचा वैरी नव्हता, शेवटचा सोबती होता. इन्सुलीन अकोल्याला. माणूस पाठवला. तो परत यायच्या आधी बाई झोपेत गेली आणि त्या झोपेतून उठली नाही. रहीमभाईनं त्या दिवशी माझ्यावर एकही टीका केली नाही.

तेव्हापासून जोरात श्वास घेणारा कुणी आला, की मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतो आणि लघवी तपासतो. नारायणचंही तसंच केलं. वास नुसता पानसुपारीचा, लघवीत साखर नाही. कानापुढे गालावर बोटानं टिचकी मारली; नसा चेकाळलेल्या असल्या तर अशा टिचकीनं ओठ उडतो, पण ओठ हलला नाही. आत्ता तो शांत होता, म्हणून नसाही शांत होत्या.

“फुंकनी आनली का?”

सोनार आणि फुंकणी वेगळे होत नाहीत. कमरेलाच होती. रहीमभाईला सांगितलं, चहाची शेगडी आण आणि पाटील होऊन समोर बस. रहीमभाईला जन्मभर अशीच संधी हवी होती. त्यानं मिशीला पीळ भरला, मांडीवर थाप मारली, डोळे वटारले आणि गरजला, “हं सोनार! देवीचं सोनं हाय. एक कन जरी इकडचा तिकडे झाला तं तुले किन्हीराजाच्या वेशीवर टांगीन!”

नारायण हसला नाही. रहीमभाई माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ चांगला पाटील होता. नारायण फुंकायला लागला, भराभर, दोन फुंकांमध्ये मोठमोठे घोट घेत. चहाला उकळी यायच्या आत त्याचे ओठ पांढरे पडले, आणि पाहता पाहता बोटं जुळून आली. बाळंतपणात सुईण बोटं जुळवून धरते, हुबेहूब तसा हात. आत्ता कानापुढे टिचकी मारली, तर ओठाचा कोपरा मासोळीसारखा उडाला.

“या अल्ला!” रहीमभाई पाटलाचा पुन्हा रहीमभाई झाला. पंखा घेऊन धावला, “जोरात श्वास घे बावा, हवा घे!”

“पंखा ठेव,” मी म्हणालो. “हवेनंच तं घात केला.”

टेबलावर साखरेचा रिकामा कागदी पुडा होता. तो नारायणच्या नाकातोंडावर धरला. “याच्यातच श्वास सोड अन् याच्यातलाच घे. हळू हळू.” गंगाबाईला वाटलं, डॉक्टर नवऱ्याला गुदमरवतो आहे. ती माझा हात ओढायला पुढे आली, आणि तिच्या डोळ्यांदेखत बोटं एकेक करून सैल झाली.

आता हे कसं झालं, ते मी नारायणला जसं सांगितलं तसंच वाचकांना सांगतो. शाळेतल्या पुस्तकापेक्षा सोनाराचं दुकान जास्त उपयोगी पडतं.

“तुह्या दुकानात तेजाब असते ना?” मी विचारलं.

“असते ना जी. सोनं पारखाले.”

“अन् टाकनखार?”

“त्याच्याबिगर सांधा कसा बसन?”

“तसंच रगतात बी हाय. एका पारड्यात तेजाबावानी आम्ल, दुसऱ्यात टाकनखारावानी खार. काटा मधातून जरासाच खाराकडे असतो, अन् तेथेच राह्यला पाह्यजे. तुह्या काट्याले गुंज कळते. या काट्याले गुंजेचा हजारावा हिस्सा कळते.”

आता श्वासाचं. आपण जो वारा बाहेर सोडतो, त्यात एक वायू असतो. तोच वायू सोडावॉटरच्या बाटलीत कोंडलेला असतो, आणि पाण्यात विरला की आंबट होतो. बाटलीच्या तोंडातली काचेची गोळी दाबली की तो फुसकन निघून जातो आणि खाली गुळमट पाणी उरतं. माणूस भीतीनं भराभर श्वास टाकायला लागला, की रक्ताच्या बाटलीची गोळी कुणी दाबूनच धरली म्हणा. वायू गेला, आम्ल गेलं, खाराचं पारडं खाली आलं.

आणि तिथं नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं, काम बिघडतं. रक्तात चुन्याचा अंश असतो. तो नसांना लगाम घालून बसलेला असतो : बोलावल्यावाचून बोलू नका, म्हणून. खार चढला की हा चुना दुसरीकडे अडकून पडतो, लगाम सुटतो, आणि नसा कुणी न सांगता स्नायूंना निरोप धाडत सुटतात. ओठांना मुंग्या, बोटांना आकडी. शिवाय मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताच्या वाटा आखडतात. मेंदू हा देहातला सगळ्यात खादाड गडी. बसून राहतो पण खातो चार नांगऱ्यांचं. त्याची शिदोरी जरा कमी पडली की चक्कर. उलट आम्लाचं पारडं जड झालं, तर नसा मंदावतात, गुंगी येते, आणि माणूस त्या रिसोडच्या बाईसारखा झोपत जातो. खार चढला की नसा बडबड करतात, आम्ल चढलं की मुक्या होतात. पुड्यात श्वास घेतला म्हणजे सोडलेला वायू परत आत जातो, आणि काटा जागेवर येतो. सगळं शास्त्र एका साखरेच्या पुड्यात मावलं.

गंगाबाईनं सगळं ऐकून एकच विचारलं, “म्हंजे देवी कोपली नाई?”

“देवीले काहून मधात घेता? हे भेवानं झालं.”

पण नारायणचा चेहरा उजळला नाही. “तुमी सांगसान, पन गाव कायले मानन जी? तेथे मी देवीपुढे उभा राह्यलो, की भेव येईनच. भेव आलं की दम लागन. दम लागला की पान पडन.”

सोनार खरं बोलत होता. ही शपथ अशी होती, की निर्दोष माणूस जितका घाबरेल तितका दोषी ठरेल. खरा चोर असता तर आरामात श्वास घेत बेलभंडार उचलून घरी जेवायला गेला असता.

यात्रेच्या दिवशी मी आणि रहीमभाई किन्हीराजाला गेलो. दुपारची वेळ, देवळापुढे माणसंच माणसं. दौलत पाटील ओट्यावर बसलेले. मला पाहून उठले, कारण त्यांच्या छातीला मीच नळी लावत आलो होतो. छाती अशी, की नळीतून ठोका ऐकताना नांगराचा बैल शेजारी उभा असल्यासारखं वाटे. ते माहीत होतं म्हणूनच मी पुढचं धाडस केलं.

“डाक्टर, तुमी बी आले सोनाराची चोरी पाहाले?”

“देवीच्या दर्शनाले आलो पाटील. पन एक शंका हाय. याच्या हाताले देवीनं धरलं, का याचा दमच कच्चा? काडीवानी मानूस. तुमच्यावानी छाती असती, तं फुंकता फुंकता हात कायले आखडते?”

“हे बरोबर बोलले!” पाटील लोकांकडे वळले. “माह्या दमाले पंचक्रोशीत कोन पुरते?”

“तेच म्हनतो. मंग देवीपुढेच होऊन जाऊ द्या. तुमी शेगडी फुंका, सोनार सांधा लावताना फुंकते तशी. भरभर, मधात थांबाचं नाई. तुमच्या मनात पाप नाई, मंग भेव कायचं?”

आता मागं सरायची सोय राहिली नव्हती. शेगडी आली, फुंकणी आली. पाटलांनी बाह्या सरसावल्या आणि फुंकायला लागले. मी सांगतो, अशी फुंक मी आयुष्यात पाहिली नाही. पहिल्या झपाट्याला कोळसे लाल झाले, दुसऱ्याला राख उडाली, तिसऱ्याला पुजाऱ्याची टोपी. भजनकरी मागे ताल धरून बसले होते. पाटील तालावर फुंकत होते आणि मी “वा पाटील, अजून!” म्हणत होतो. भजनाचं एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. पाटलांनी फुंकणी खाली ठेवली आणि तोंडावरून हात फिरवला, जसं काही ओठांवर मुंग्या चढल्या आहेत.

मग त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

बोटं जुळत होती. त्यांनी ताकद लावून उघडायला पाहिली, उघडेनात. भजन बंद पडलं. एवढा डोंगरासारखा माणूस, पण आवाज लहान लेकरासारखा निघाला, “अरे... माह्या हाताले काय झालं?”

मग बायकांच्या घोळक्यातून एका म्हातारीचा आवाज आला, “काऊन रे दौलत, तू काय चोरलं?”

गाव हसलं. असं हसलं, की रिसोडच्या बाजारात बैल दचकले म्हणतात. माझी युक्ती फळली होती, आणि मीही हसत होतो, खोटं कशाला सांगू? हसता हसता पुडा खिशातून काढायला मला जरा वेळच लागला.

तेवढ्यात नारायण पुढे झाला. त्यानं माझ्या हातातून पुडा घेतला आणि पाटलांच्या नाकातोंडावर धरला. दुसऱ्या हातानं त्यांची ती आखडलेली बोटं आपल्या तळव्यात घेतली. “हळू घ्या पाटील. हळू. सोडा आता. मले माहीत हाय, लय भेव वाटते. वाटते का हात आपला राह्यलाच नाई. जाते जी, आत्ता जाते.”

गावाचं हसू आपोआप बंद झालं. पाटील पुड्यात श्वास घेत होते आणि पुड्याच्या वरून त्यांचे डोळे सोनाराकडे लागले होते. तीच नजर, पण आता तिच्यात धाक नव्हता.

हात मोकळे झाल्यावर पाटील उठले. देवीच्या पायावरचं बेलाचं पान आणि भंडारा त्यांनी स्वतः उचलला आणि म्हणाले, “नारायनाच्या मनात पाप नव्हतं. माह्या आईच्या नथेची आन.” मग ते पान त्यांनी नारायणच्या हातात ठेवलं. नारायणची छाती अजून धडधडत होती, पण श्वास त्यानं बेताबेतानं घेतला. पान पडलं नाही.

त्यानंतर किन्हीराजाच्या देवळात शपथेची रीत थोडी बदलली. बेलभंडार उचलणाऱ्याला पुजारी आधी खाली बसवी आणि म्हणे, “दम खा बावा. श्वास हळू घे, मंग उचल.” माझ्या उभ्या डॉक्टरकीत एवढी मोठी शास्त्रीय सुधारणा मी दुसरी केलेली नाही.

यात्रेच्या त्याच दुपारी नारायणनं नथेचं काम पुन्हा काढलं. मी आणि रहीमभाई निघायच्या आधी दुकानावरून गेलो. पाटील आले होते, पण समोर बसले नव्हते. दुकानाच्या उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून, पाठ आत फिरवून बसले होते. देवीचं सोनं सोनाराच्या हातात आणि गिऱ्हाइकाची पाठ त्याच्याकडे! असं दृश्य वऱ्हाडात त्याआधी कुणी पाहिलं असेल तर मी आजवर ठोकलेल्या सगळ्या थापा परत घेतो.

आतून फुंकणीचा आवाज येत होता, संथ, एकसारखा. मग तो थांबला.

“पाटील,” नारायण आतून म्हणाला, “असे पाठ करून कायले बसले जी? इकडे तोंड करा. एकट्याले करमत नाई.”